न्यूझीलंडमध्ये माणूस नक्की कधी पोचला, आणि मूठभर लोकांनी एवढं जंगल कसं जाळलं?

दर्यावर्दी
न्यूझीलंडच्या पहिल्या वस्तीबद्दल वाचताना दोन गोष्टी अडल्या. एकीकडे उंदरांच्या हाडांवरून माणूस सुमारे २००० वर्षांपूर्वीच येऊन गेला असं लिहिलंय, दुसरीकडे तेराव्या शतकाची अखेर. कालमापन दोन्हीकडे कार्बन-१४चंच, मग बाराशे-तेराशे वर्षांचा फरक कुठून आला?
दुसरं, दक्षिण बेटावर पहिल्या २०० वर्षांत ४० टक्क्यांहून जास्त जंगल गेलं म्हणतात. तेव्हा माणसं किती होती! की हवा कोरडी पडली आणि वणवे आपोआप लागले?

गाळ_आणि_राख
तेराव्या शतकाची अखेर धरा. फरक यंत्रात नाही, नमुन्यात आहे.
किओरे हा पॅसिफिकमधला छोटा उंदीर. एवढा समुद्र तो पोहून येत नाही, माणसांच्या होड्यांतूनच आला. म्हणजे उंदराची तारीख तीच माणसाची. संशोधक रिचर्ड होल्डवे यांनी १९९६मध्ये हाडांच्या जुन्या तारखा छापल्या, तेव्हा तर्क हाच होता आणि तर्कात खोट नव्हती. पण हाडात उंदराने खाल्लेल्याचा कार्बन उतरतो. खाणं समुद्रातलं किंवा ओढ्यातलं असेल तर जुना कार्बन पोटात जातो आणि हाड आहे त्याहून म्हातारं दिसतं. शिवाय हाडातलं कोलॅजन (तारीख काढतात ते प्रथिन) नीट साफ झालं नाही तर गोंधळ वाढतो.
जॅनेट विल्मशर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये त्याच जागांवरची हाडं पुन्हा तपासली. १२८०च्या सुमाराआधीचं एकही निघालं नाही. त्याहून पक्का पुरावा त्यांनी दिला तो कुरतडलेल्या बियांचा. बी एका हंगामात तयार होते, त्यामुळे तिच्यात जुनं वय दडलेलं नसतं, आणि दलदलीत हवा पोचत नसल्याने कवच शतकानुशतकं टिकतं. भोकाच्या काठावर पुढच्या दोन दातांचे जवळजवळ समांतर चरे दिसले की तो उंदीर. पक्षी कवच फोडतो, त्याची कड वेगळी. अखंड आणि पक्ष्यांनी फोडलेल्या बिया हजारो वर्षं मागे जातात, कुरतडलेल्या मात्र १२८०च्या आसपासच सुरू होतात. हा फरकच निर्णायक आहे.
जुने लेख वाचताना आधी बघा, तारीख कशाची काढली आहे. चुलीतला कोळसा टोटारा या झाडाच्या गाभ्याचा असेल तर झाडाचंच वय काही शे वर्षं असू शकतं. कोळसा बारीक काटकीचा हवा. शिंपल्यांना समुद्रातल्या जुन्या कार्बनची दुरुस्ती लावावी लागते, ती ठोकळमानाने ४०० वर्षांची, पण किनाऱ्यागणिक बदलते. आणि तळ्यातला सरसकट गाळ तर तारखेसाठी घेऊच नये. जंगल जळलं की उघडी पडलेली माती, जुनं पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) तळ्यात वाहून येतं, आणि नेमका माणूस आला तोच थर खोटा म्हातारा होतो! माणूस फार आधी आल्याचे बरेच दावे या एका चुकीवर उभे होते.
उत्तर बेटावर वेगळी सोय आहे. तारावेरा ज्वालामुखीच्या काहारोआ उद्रेकाची राख, साल १३१४, मागेपुढे १२ वर्षं. जंगलतोडीच्या ठळक खुणा या राखेच्या लगेच खाली किंवा वरच सापडतात, फार खोल कधीच नाही.

नेचा
दुसऱ्या प्रश्नाचं बघू. तोडायला हात लागतात, जाळायला एक ठिणगी पुरते. खरा मुद्दा हा की जळलेलं जंगल परत का आलं नाही.
तिथल्या बीच आणि पोडोकार्प झाडांना आगीची सवयच नव्हती. साल पातळ, जळाल्यावर बुंध्याला फुटवा नाही, बियांचा साठाही राहत नाही. एकदा आग गेली की तिथे नेचा आणि मानुका हे झुडूप येतात. नेच्याचे खोड जमिनीखाली सुरक्षित, वरची पानं सुकून कुरकुरीत झालेली. मानुकाच्या पानांत तेल. म्हणजे पहिल्या आगीने दुसऱ्या आगीचं सरपण तयार केलं, आणि पूर्वेकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात दोन-तीन आगींत जंगल संपलं. पश्चिमेचं ओलं जंगल बरंचसं वाचलं ते याच कारणाने.
लोक पुन्हा पुन्हा का जाळत होते? तर पोटासाठी. दक्षिण बेटावरच्या बँक्स द्वीपकल्पाच्या दक्षिणेला कुमारा, म्हणजे त्यांचं रताळं, थंडीमुळे नीट पिकत नाही. पिठूळ अन्न उरतं ते नेच्याचं खोड, आरुहे. खणायचं, वाळवायचं, भाजायचं, लाकडी ठोकण्याने ठेचायचं, पीठ चघळायचं आणि दोरे थुंकायचे. जंगल पुन्हा वाढून सावली आली की नेचा हटतो, म्हणून जागा जाळून मोकळी ठेवावी लागते. याला निष्काळजीपणा म्हणणं मला पटत नाही. पोट भरण्याचा तो विचारपूर्वक मार्ग होता, किंमत मात्र भयंकर पडली.

दर्यावर्दी
बियांचं उत्तर मिळालं, आभार. पण आग माणसाची की आकाशातल्या विजेची, हे गाळावरून कसं ठरवतात?

गाळ_आणि_राख
गाळाचा उभा नळ काढून एकेक सेंटीमीटरच्या चकत्या करतात. प्रत्येकीतून ठरावीक घनफळ घ्यायचं, गुठळ्या सुटेपर्यंत द्रावणात भिजवायचं, १२५ मायक्रॉनच्या चाळणीतून हलक्या धारेखाली धुवायचं (जोर लावला तर कोळशाचे कण तुटतात आणि आकडा फुगतो), मग भिंगाखाली काळे तुकडे मोजायचे. नुसती संख्या पुरत नाही. आगीनंतर जमिनीची धूप वाढून गाळ भराभर साचतो आणि कोळसा विरळ दिसतो. म्हणून गाळ साचण्याच्या वेगाने गुणून दर चौरस सेंटीमीटरला दर वर्षी किती कण, असा हिशेब काढतात.
दक्षिण बेटाच्या कितीतरी तळ्यांत शतकानुशतकं कोळसा नगण्य, आणि मग अचानक उसळी. त्याच चकत्यांत झाडांचे परागकण घसरतात, नेच्याचे बीजाणू चढतात. विजेचे वणवे अधूनमधून लागत, पण त्यानंतर जंगल भरून येई. शिवाय त्या वेळी हवा विशेष कोरडी झाल्याची खूण नाही. वेळ जुळते ती फक्त माणसाच्या येण्याशी.

नेचा
मूठभर माणसांबद्दल एक भर. मोआ या न उडणाऱ्या पक्ष्याच्या नऊ जाती साधारण १५० वर्षांत संपल्या. तेव्हा दक्षिण बेटाच्या सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरवर १०० चौरस किलोमीटरला एक माणूसही नसावा असा अंदाज आहे, म्हणजे सगळे मिळून फार तर दीड हजार. मोआच्या काही जातींना वयात यायला अनेक वर्षं लागत, हाडांतल्या वाढीच्या वलयांवरून ते कळतं. असा पक्षी शिकारीत मेला आणि अंडीही उचलली गेली, तर भरपाई होतच नाही. मोआवर जगणारा हास्टचा गरुडही त्यांच्यामागोमाग गेला.