‘डॉकिंग’ला काय म्हणावं?

घोडबंदर: एका अवकाशसाहसाच्या सीक्वेलचं मराठी भाषांतर वाचलं, वाचनकट्ट्यासाठी अभिप्राय लिहितोय. पहिल्या भागापेक्षा कथा जास्त बांधीव आहे. पण भाषांतरात सगळीकडे एकच शब्द, ‘जोडणी’. यान स्वतःच्या इंजिनांवर स्थानकाला येऊन भिडतं तीही जोडणी, आणि स्थानकाचा यांत्रिक हात मालयानाला धरून तोंडाशी बसवतो तीही जोडणी. पहिलं डॉकिंग, दुसरं बर्थिंग. कथेतला सगळा पेच या फरकावर उभा आहे: हात बिघडतो आणि मालयानावर डॉकिंगचं कडंच नसतं. मराठीत वाचणाऱ्याला हा पेच कळतच नाही. दोन वेगळे शब्द सुचवा. शिवाय ‘सीक्वेल’ला ‘उत्तरार्ध’ चालेल का?

नेरूळकर: डॉकिंगला ‘संधान’. सम् + धा, नीट एकत्र ठेवणं. शब्द घरात असताना उसना कशाला?

कोपरी: ‘शत्रूशी संधान बांधलं’ हा अर्थ इतका पक्का बसलाय की नायकाने स्थानकाशी संधान बांधलं म्हटलं तर तो फितूर झाला असंच वाटेल.

शेवा: बंदराकडे बघा. जहाज धक्क्याला लागतं, टग म्हणजे ओढणाऱ्या बोटी त्याला धक्क्याला लावतात. यान स्वतः आलं तर ‘लागलं’, हाताने धरून बसवलं तर ‘लावलं’. डॉकिंग आणि बर्थिंग यांतला फरक एका अक्षरात येतो. नवा शब्द घडवायची गरजच नाही.

घोडबंदर: हे फार आवडलं. ठाण्यात लोकलही ‘दोन नंबरला लागते’.

कोपरी: पण ‘धक्क्याला’ नको. इथे धक्का बसू न देणं हेच तर सगळं कसब. इस्रोच्या स्पेडेक्स या डॉकिंगच्या प्रयोगातलं १६ जानेवारी २०२५ चं डॉकिंग बघा. साधारण २२० किलोचे दोन उपग्रह. आधी १५ मीटरवर थांबले, मग ३ मीटरवर, आणि शेवटचं अंतर सेकंदाला सेंटिमीटरभर वेगाने. वेग जास्त झाला तर पकड बसायच्या आत दोघं एकमेकांवरून उसळतात. शिवाय ‘लागलं’ ही एकच घटना नाही. आधी पकड, मग ओढून घेणं, मग ताठ आवळणं. माणसांचं यान असेल तर त्यानंतर सांध्यातून हवा गळते का ते तपासायचं, दोन्हीकडचा दाब सारखा करायचा आणि मगच झाकण उघडायचं. कादंबरीत कडी वाजते आणि लगेच दार उघडतं, ते अभिप्रायात नक्की लिहा.

नेरूळकर: ‘यान लागलं’मध्ये आणखी एक अडचण. ‘मला गाडी लागते’ म्हणजे मळमळतं. भारहीन अवस्थेत अंतराळवीरांना पहिले काही दिवस खरंच मळमळतं. ‘त्याला यान लागलं’ वाचून डॉकिंग कोणाच्या डोक्यात येईल?

शेवा: तिथे ‘त्याला’ आहे. ‘यान स्थानकाला लागलं’मध्ये स्थानकाला मळमळत नाही. मराठी माणूस विभक्तीवरून अर्थ धरतो.

कळवा पूर्व: ‘गोदी’ का नको? गोद म्हणजे मांडी, जहाजाला मांडीवर घेते ती गोदी.

शेवा: व्युत्पत्ती कानाला गोड आहे, पण आधार काय? आणि गोदी ही जागा. तिला क्रियापद नाही, इथे हवंय क्रियापद.

कळवा पूर्व: मग डॉकिंगच ठेवा. स्पेडेक्सच्या बातम्यांतून तो शब्द घरोघरी पोचलाय. भाषा वापराने ठरते.

नेरूळकर: वापराने ठरते म्हणून शोधायचंच नाही? अशाने क्रियापदं ‘करणे’ आणि ‘होणे’ एवढीच उरतील. डॉक करणे, अनडॉक होणे.

कोपरी: शब्दाहून मोठी चूक पाठलागाच्या प्रसंगात आहे. नायक पुढच्या यानाला गाठायला वेग वाढवतो आणि थेट पोचतो. पृथ्वीभोवती हे उलटं पडतं. वेग वाढवला की कक्षा उंचावते, फेरीला जास्त वेळ लागतो, यान मागे पडतं. गाठायचं तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरायचं, तिथे फेरी लवकर होते म्हणून अंतर तुटतं, मग वर यायचं. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ४ यानातून अंतराळवीर मॅकडिव्हिट यांनी रॉकेटच्या सुट्या टप्प्याकडे थेट रोख धरला, पण त्याला गाठता आलं नाही आणि इंधन संपत चाललं म्हणून प्रयत्न सोडावा लागला. नऊ महिन्यांनी जेमिनी ८ ने पहिलं डॉकिंग केलं, ते कक्षांचं गणित सांभाळूनच.

शेवा: आणि ‘पाठलाग’ म्हणजे पाठीला लागणंच. आधी पाठीला, मग स्थानकाला. क्रियापद तेच.

नेरूळकर: मग अनडॉकिंगला ‘सुटलं’ म्हणणार? दोर तुटूनही सुटतं. ठरवून वेगळं होणं आणि निसटणं यांत फरक नको?

शेवा: बोट सुटते, गाडी सुटते, कोणी घाबरतं का? निसटलं तर ‘निसटलं’ म्हणावं.

घोडबंदर: ‘उत्तरार्धा’चं राहिलंच.

कळवा पूर्व: उत्तरार्ध म्हणजे एकाच कृतीचा दुसरा अर्धा भाग. तिसरं पुस्तक आलं तर? ‘पुढचा भाग’ लिहा.

नेरूळकर: ‘उत्तरकथा’ लिहा. आणि ‘सुटलं’ मला अजूनही मान्य नाही.