'अवॉर्ड तिकीट' मराठीत कसं लिहाल? पुरस्कार, बक्षीस, की आणखी काही?

पानकळा
एका विमान कंपनीच्या सभासद-योजनेची माहितीपुस्तिका मराठीत आणण्याचं काम माझ्याकडे आहे. बरीचशी झाली, आता एका वाक्यापाशी तीन दिवस अडकले आहे. त्याचा अर्थ असा: साठवलेल्या माइल्सच्या (विमानप्रवासावर सभासदाच्या खात्यात जमा होणाऱ्या पॉइंटच्या) बदल्यात आमच्या पार्टनर कंपन्यांच्या विमानांतही अवॉर्ड तिकीट काढता येतं, पण त्या कंपनीने त्या विमानात अवॉर्डसाठी जागा सोडलेली असेल तरच.

मी 'बक्षीस-तिकीट' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'भागीदार पुरस्कार उड्डाण' केलं. मी ते वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "पुरस्कार कुणाला मिळाला? भागीदाराला?" ते स्वतः कित्येक वर्षं अशी तिकिटं काढत आले आहेत. ज्यांना हा व्यवहार तोंडपाठ आहे त्यांनाच शब्द कळेना, तर पहिल्यांदा पुस्तिका उघडणाऱ्याचं काय होणार?

सोमवारी मजकूर द्यायचा आहे. हा शब्द पुस्तिकेत साठेक वेळा येतो, त्यामुळे आटोपशीर हवा.

अनुस्वार
'पुरस्कार' इथे चुकीचाच आहे. पुरस् म्हणजे पुढे. पुरस्कार म्हणजे पुढे करणं, मान देणं. मराठीत आपण एखाद्या मताचा पुरस्कार करतो, आणि 'पक्षपुरस्कृत उमेदवार' म्हणतो तेव्हा त्याला कुणी पदक दिलेलं नसतं, पाठिंबा दिलेला असतो. 'पुरस्कृत उड्डाण' वाचून मला तर कुणीतरी प्रायोजित केलेलं विमान वाटेल. 'पारितोषिक'ही नको. त्यात परितोष आहे, म्हणजे देणारा संतुष्ट होऊन देतो. इथे कंपनी कुणावर संतुष्ट झालेली नाही, ती हिशेब पुरा करते आहे.

माझा शब्द 'अर्जित तिकीट'. 'अर्जित रजा' सगळ्यांना माहीत आहे: काम केलं, रजा साठली, ती घेतली. इथेही प्रवास केला, मैल साठले, तिकीट घेतलं. नवा शब्द घडवायचीही गरज नाही, कार्यालयांत तो रुळलेला आहेच.

खिडकीकडची
अर्जित तिकीट चांगलं आहे, पण बोलताना कोण म्हणतं? आमच्याकडे सगळे "माइल्सवर तिकीट काढलं" असंच म्हणतात. 'माइल्सवरचं तिकीट' लिहा, कुणालाही विचारावं लागणार नाही.

दस्तऐवज
'बक्षीस' का नको, याचं कारण माझ्या कामातून सांगतो. बक्षीसपत्र हा दस्त मी आयुष्यभर लिहीत आलो. त्याचा गाभाच हा, की देणारा मोबदला न घेता देतो. मोबदल्याचा एक पैसा दिसला तर ते बक्षीसपत्र राहत नाही. माइल्सचं तिकीट मोबदला घेऊन दिलेलं असतं. शिवाय कर आणि शुल्कं रोख भरावी लागतात ती वेगळीच. म्हणून 'मोफत' आणि 'विनामूल्य' हे शब्दही पुस्तिकेतून काढा. ते वाचून निघालेला माणूस पैसे भरायच्या पानावर पोचला की त्याला फसवल्यासारखं वाटतं.

रोजमेळ
पानकळाताई, तुम्ही नाम शोधत बसला आहात, पण मराठीत या व्यवहाराला क्रियापद आहे: वटवणे. मैल वटवून काढलेलं तिकीट.

हुंडी वटवतात, चेक वटतो. हातात कागद आहे, त्याची किंमत आहे, पण दुसऱ्याने तो स्वीकारून मोल दिलं तरच. माइल्सचं नेमकं तेच आहे. आणि हुंडी मुदतीआधी वटवली की कसर कापली जाते, पूर्ण रक्कम हातात येत नाही. पार्टनरच्या तिकिटात हा अनुभव पावलोपावली येतो. एकाच विमानातल्या एकाच खुर्चीला एक योजना जितके मैल मागते त्याहून दुसरी कितीतरी जास्त मागते. एक योजना इंधन अधिभार वर लावते, दुसरी लावत नाही. मैल कुठे वटवले यावर त्यांचं मोल ठरतं. हे सगळं 'वटवणे'मध्ये आधीपासून आहे. 'पुरस्कार'मध्ये यातलं काहीच नाही.

अनुस्वार
शब्द देखणा आहे हे मान्य. पण तो खोटा भरवसा देतो. खात्यात पैसे असतील तर चेक वटायलाच हवा. इथे खात्यात लाखभर मैल असले तरी समोरच्या कंपनीने जागा सोडली नसेल तर काहीच मिळत नाही.

रोजमेळ
न वटलेला चेक मराठी माणसाने पाहिलेला नाही का? 'वटला नाही' हे वाक्य 'वटला' इतकंच जुनं आहे. भरवसा आणि धास्ती दोन्ही एका शब्दात बसतात, म्हणून तर तो योग्य.

दस्तऐवज
माझा आक्षेप वेगळा आहे. चेक माझा असतो. बहुतेक योजनांच्या नियमांत मात्र स्पष्ट लिहिलेलं असतं की माइल्स ही सभासदाची मालमत्ता नाही. कंपनी ते रद्द करू शकते, दर बदलू शकते. जे माझं नाही ते मी वटवतो कसा? आणि हाच आक्षेप 'अर्जित'लाही लागतो. अर्जित रजा माझा हक्क असतो.

वेलांटी
'माइल्सवरचं' ऐकायला ठीक, पण तपासणारे माइल्सचं 'मैल' करणारच, आणि मग 'मैलांवरचं तिकीट' होईल. 'दहा मैलांवर' म्हणजे दहा मैल दूर. 'चाळीस हजार मैलांवरचं तिकीट' वाचून मी पृथ्वीची प्रदक्षिणा डोळ्यांसमोर आणली.

मुळात त्याला आता मैल म्हणावं का, हाही प्रश्न आहे. लॅटिन 'मिल्ले पास्सुस', हजार पावलं (रोमन पाऊल म्हणजे आपली दोन पावलं), त्यातून माइल, त्यातून आपला मैल. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची अ‍ॅडव्हांटेज योजना आली तेव्हा जितके मैल उडाल तितके मैल जमा, असा सरळ हिशेब होता. पण २०१५ मध्ये डेल्टाने आणि युनायटेडने, २०१६ मध्ये अमेरिकनने, तिकिटाला किती पैसे मोजले त्यावर मैल द्यायला सुरुवात केली. अंतराशी नातं बरंच तुटलं, नाव तेवढं राहिलं. ब्रिटिश एअरवेजने तर २०११ मध्ये मैल हे नाव सोडून 'एव्हिओस' घेतलं. म्हणजे दोन प्रवासी शेजारी बसून तेवढंच अंतर उडतात आणि दोघांना वेगवेगळे 'मैल' मिळतात. मला ते 'गुण' म्हणावेसे वाटतात.

खिडकीकडची
गुण नको हो, परीक्षा आठवते. आणि माइल्सला मैल म्हणूच नका ना. मैल म्हणजे अंतर, माइल्स म्हणजे हे. एकाच मुळाचे दोन शब्द दोन कामांना लागले, तर त्यात बिघडलं कुठे?

अनुस्वार
बिघडतं असं, की उद्या प्रत्येक मराठी शब्दाशेजारी त्याचा इंग्रजी जुळा येऊन बसेल आणि मराठी शब्द नुसता वस्तुसंग्रहालयापुरता उरेल.

पानकळा
सगळ्यांचे आभार. माइल्स सध्या तसंच ठेवते. पण 'भागीदार'चं काय करू? दस्तऐवजकाका, भागीदार म्हणजे नफातोट्यात वाटेकरी ना? या कंपन्या तशा नसतात.

दस्तऐवज
नसतात. 'सहयोगी' लिहा.

वेलांटी
'युती' का नको? स्टार अलायन्स १९९७ ची, वनवर्ल्ड १९९९ ची, स्कायटीम २००० ची, विमान कंपन्यांच्या या तिन्ही सरळ युत्याच आहेत.

रोजमेळ
पार्टनर आणि युतीतली कंपनी एकच नाही. एमिरेट्स तिन्हीपैकी कुठल्याच युतीत नाही, पण क्वांटासशी तिची २०१३ पासून भागीदारी आहे आणि क्वांटास स्वतः वनवर्ल्डची संस्थापक. आणि युतीतून बाहेरही पडता येतं: एसएएस ही स्कँडिनेव्हियाची कंपनी स्टार अलायन्सच्या पाच संस्थापक कंपन्यांपैकी एक, ती सप्टेंबर २०२४ मध्ये स्कायटीममध्ये गेली. त्या दिवसापासून ज्यांचे मैल स्टारच्या दुसऱ्या कंपन्यांत होते त्यांचा एसएएसकडचा युतीचा रस्ता बंद. म्हणून 'युती' लिहिलंत तर अर्ध्या पार्टनर कंपन्या वाक्याबाहेर राहतील. 'सहयोगी' बरा.

खिडकीकडची
शब्दापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट पुस्तिकेत आहे का ते बघा ताई. मागे मी एका योजनेचे माइल्स देऊन तिच्या सहयोगी कंपनीचं तिकीट काढलं. माइल्स वजा झाले, सहा अक्षरी पीएनआर आला, पडद्यावर 'कन्फर्म्ड' दिसलं. आठ दिवसांनी जागा निवडायला सहयोगी कंपनीच्या साइटवर गेले तर तो पीएनआर तिथे सापडेना. फोन केला तेव्हा कळलं की त्यांच्याकडचा पीएनआर वेगळा असतो. तो मिळवला, उघडला, तर आरक्षण होतं पण तिकीट क्रमांकच नव्हता. जागा धरून ठेवली होती, तिकीट निघालंच नव्हतं. आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर जागा सुटली असती, आणि विमानतळावर गेल्यावर मला ते कळलं असतं. तीन फोन, दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. ज्यांचे माइल्स घेतले त्यांनीच तिकीट काढून द्यायचं असतं आणि बदल किंवा रद्द करायला त्यांच्याकडेच जायचं असतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून आता मी १३ आकडी तिकीट क्रमांक दिसेपर्यंत स्वस्थ बसत नाही. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात, उदाहरणार्थ ०९८ एअर इंडियाचे, २२० लुफ्तान्झाचे. 'बुकिंग झालं' आणि 'तिकीट झालं' यांत फरक आहे. तुमच्या पुस्तिकेत दोन्हींना 'आरक्षण' लिहिलं असेल तर कृपा करून बदला.

पानकळा
दोन्हींना 'आरक्षण'च लिहिलं आहे. आत्ताच उघडून पाहिलं. बदलते.

जुनीवही
खिडकीकडची, तुम्ही जे सांगितलंत त्याला आमच्या वेळचा शब्द होता: तिकीट फाडणे. मी तिकीट खिडकीवर वीस वर्षं काढली. आधी जागा धरायची, पैसे आले की तिकीट फाडायचं. पावती फाडतात तसंच. विमानाचं तिकीट म्हणजे पुस्तिका असायची, आत प्रत्येक टप्प्याचं एक कूपन, खाली कार्बन. प्रवासी विमानात चढताना कर्मचारी त्या टप्प्याचं कूपन फाडून घ्यायचे. १ जून २००८ पासून आयाटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, कागदी तिकिटं बंद केली, पण संगणकातही प्रत्येक टप्प्याला अजून कूपनच म्हणतात. 'ओपन' (न वापरलेलं), 'फ्लोन' (उडून झालेलं) अशा त्याच्या अवस्था असतात. कागद गेला, कूपन राहिलं. मग फाडणं का जावं? "जागा धरली आहे, तिकीट अजून फाडलेलं नाही" या वाक्यात कुणाचा घोळ होईल?

अनुस्वार
काका, पण आजच्या पंचविशीतल्या वाचकाने तिकीट फाडलं म्हणजे फाडून फेकलं असा अर्थ घेतला तर?

जुनीवही
पावती फाडल्यावर घेतो का? आणि अजून एक. सगळे 'प्रवासी' लिहितात. आम्ही उतारू म्हणायचो. नेहमी उडणाऱ्यासाठी 'नित्य उतारू' किती नीट बसलं असतं.

वेलांटी
उतारू! आजीच्या तोंडचा शब्द. पण चढणाऱ्यालाही उतारू का म्हणत असतील? माझा अंदाज, तो 'पार उतरणे'वरून आला असावा, नावेने पलीकडे जाणारा तो उतारू. पुरावा नाही, फक्त अर्थ जुळतो.

रोजमेळ
मला वाटतं धर्मशाळेत किंवा मुक्कामाला 'उतरतो' तो उतारू. उतारा, उतरण्याची जागा, हे शब्द आहेतच. पुरावा माझ्याकडेही नाही.

जुनीवही
कुठूनही आलेला असो, गेला याचं मला वाईट वाटतं.

अनुस्वार
पानकळा, जागेच्या वाक्याचं काय केलंत? 'उपलब्धतेच्या अधीन' असलं काही लिहिलं नसेल अशी आशा आहे.

पानकळा
नाही, 'जागा सोडलेली असेल तरच' हेच ठेवलंय. पण 'दिसते आणि मिळत नाही' अशा जागेबद्दल एक परिच्छेद आहे, त्याला शब्द नाही.

खिडकीकडची
त्याचा अनुभव पार्टनर तिकिटात फार येतो. आपल्या योजनेच्या पानावर सहयोगी कंपनीची जागा दिसते, कारण ती माहिती जुनी असते. पैसे भरायच्या पायरीला 'चूक झाली' येतं. म्हणून फोनवर विचारताना मी अवॉर्डच्या जागांना दिलेलं वर्गाचं अक्षर सांगून विचारते. स्टार अलायन्समध्ये सहसा इकॉनॉमीला एक्स, बिझनेसला आय. समोरचा म्हणाला "एक्समध्ये शून्य", की समजायचं ती जागा नव्हतीच. मी तिला 'भासजागा' म्हणते. आणि जागा पक्की दिसल्याशिवाय दुसऱ्या योजनेत किंवा क्रेडिट कार्डाकडून माइल्स हलवू नका, ते सहसा परत आणता येत नाहीत. हेही लिहा.

वेलांटी
भासजागा सुंदर आहे.

रोजमेळ
'न वटणारी जागा'. सांगत होतो ना.

दस्तऐवज
जागा वटत नसते. मैल वटतात. मी तर तेही मान्य केलेलं नाही.

पानकळा
आज मजकूर दिला. शीर्षकात 'अर्जित तिकीट', वाक्यांत 'माइल्स वटवून'. 'सहयोगी' घेतलं, 'भासजागा' घेतलं. 'फाडणे' तपासणाऱ्यांनी काढलं, त्या जागी 'तिकीट जारी झाल्यावर' आलं. शीर्षक आणि मजकूर यांचा मेळ नाही हे मला दिसतंय, पण दोन्हींपैकी एक टाकवेना.

काल रात्री वडिलांना विचारलं, तुम्ही स्वतः त्याला काय म्हणता? ते म्हणाले, "नुसतं तिकीट म्हणतो. पैसे भरून काढलं असेल तर 'पैशाचं तिकीट' म्हणतो."

अनुस्वार
'जारी' आदेश होतात, तिकीट नाही. त्यापेक्षा फाडणं परवडलं असतं.

वेलांटी
तुम्ही 'माइल्स मिळाले' लिहिलंत की 'मिळाल्या'? आमच्या घरी माइल्स संपल्या म्हणतात.

खिडकीकडची
मिळाले. पॉइंट मिळाले, तसे माइल्स मिळाले.

रोजमेळ
मैल पुल्लिंगी, मग माइल्स का बदलावं?

वेलांटी
कारण तुम्हीच म्हणालात ना, की हे दोन वेगळे शब्द आहेत?

रोजमेळ
ते मी नव्हे, खिडकीकडची म्हणाली होती.