मदत हवी आहे: नववीच्या मुलींची एचपीव्ही लस, पालकांचे प्रश्न आणि हेडसरांचं 'शंभर टक्के'

गणिताच्या_बाई

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. यंदा नववीची वर्गशिक्षिका आहे. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाला त्रास नको.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्या एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो, त्याच्याविरुद्धची लस १४ वर्षांच्या मुलींना सरकारकडून फुकट मिळतेय, एकच डोस. शाळेत टोचत नाहीत, पालकांनी मुलीला सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं आहे. मुलींची यादी शाळेनं दिली आणि पालकांना निरोप द्यायचं काम माझ्या गळ्यात आलं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला. एरवी तिथं 'ओके मॅडम'च्या पुढं कुणी जात नाही. त्या रात्री मात्र मोबाईल सायलेंटवर टाकून झोपावं लागलं.

एका वडिलांचं म्हणणं, चौदाच्याच पोरी का? म्हणजे हा प्रयोगच. दुसऱ्यांचं, पुण्यात आपली सिरम असताना बाहेरच्या कंपनीचं औषध का? कोविडची लस घेऊन धडधाकट माणसं जिममध्ये पडली, आता पोरींच्या मागं लागले, असं आणखी एक. कुणीतरी व्हिडिओ टाकला की आंध्रात याच लशीनं मुली मेल्या आणि प्रकरण दाबलं. नोंदणीला मोबाईलवर ओटीपी येतो म्हटल्यावर दोघांनी नंबरच द्यायचं नाकारलं, खात्यातलं पैसं जात्यात म्हणून. (यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. गावात फसलेले आहेत.)

एका मुलीची आजी तर शाळेच्या फाटकात येऊन थांबली. "लगीन झाल्यावर पोर न्हाई झालं तर तू येणार हाईस व्हय सांगाय?" म्हणाली. आणि एक आई, चांगली शिकलेली, वर्ग सुटल्यावर थांबून हळूच म्हणाली, "मॅडम, आमची पोरगी तसली नाही हो." मला तिथं काही बोलायलाच सुचलं नाही.

२०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेतही अफवा होत्या. पण तेव्हा एक सोय होती. कर्नाटकात ती लस २०१७ लाच देऊन झालेली, त्यामुळं निपाणीकडच्या पाहुण्यांना फोन लावला की पालक गप्प व्हायचे. या वेळी तसं कुणी हाताशी नाही.

आता खरी अडचण. हेडसरांना शंभर टक्के पाहिजे. शेजारची शाळा पुढं गेली म्हणे. वर्गातल्या काही मुली मामाकडं, आजीकडं राहतात, आईबाप कामाला बाहेरगावी. सर म्हणतात, "बाई, त्या मुलींना तुम्हीच घेऊन जावा, संमतीवर पालक म्हणून शाळा सही करेल."

मला दोन गोष्टी हव्या आहेत. पालकसभा ठेवलीय, तिथं या प्रश्नांना खरी उत्तरं काय द्यायची? आणि सरांचं ऐकायचं का?

बिनकटाची_मिसळ

सरांना म्हणावं शाळेचा शिक्का नको, स्वतःच्या नावानं सही करा. शंभर टक्के कुठं जातंय बघा मग.

शंकासुर_कोल्हापूरकर

बाई, मी तुमच्या त्या ग्रुपवरच्या बापांसारखाच एक बाप आहे, मुलगी आठवीत. लसविरोधी म्हणून हाकलू नका, पोलिओपासून सगळ्या दिल्यात पोरीला. पण आंध्राचं प्रकरण व्हॉट्सॲपची पुडी नाही. २००९ साली 'पाथ' नावाच्या परदेशी संस्थेनं आयसीएमआरला, म्हणजे आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेला, सोबत घेऊन आंध्रात खम्मम आणि गुजरातेत बडोदा इथं ही लस दिली. सात मुली गेल्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं ते थांबवलं आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं कडक ताशेरे मारले. हे सगळं रेकॉर्डवर आहे. त्यामुळं 'अफवा आहे हो, घाबरू नका' असं पालकसभेत म्हणालात तर माझ्यासारखा माणूस उठून निघून जाईल.

बाईचा_दवाखाना

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, कोल्हापुरातच प्रॅक्टिस. शंकासुर यांचं बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सात मुली गेल्या हे खरं. कशानं गेल्या याची चौकशी झाली. कुणी पाण्यात बुडून, कुणाला साप चावून, कुणी कीटकनाशक पिऊन, कुणी मलेरियानं. मृत्यू लशीमुळं झाल्याचं चौकशीत निघालं नाही. पण संसदीय समितीचा राग मुख्यतः दुसऱ्या गोष्टीवर होता. मुली गरिबाघरच्या, बऱ्याच आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. कित्येक संमतीपत्रांवर आईबापाच्या सहीऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं, नाहीतर मुख्याध्यापकानं सही ठोकलेली. नंतर त्रास झाला तर नोंद करायची धड व्यवस्था नव्हती.

गणिताच्या बाई, तुमचे हेडसर नेमकं तेच करा म्हणतायत, आणि तेही यादी पुरी करण्यासाठी. अजिबात करू नका. आईवडील बाहेरगावी असतील तर फोन करा, गावी येतील तेव्हा मुलीला नेऊ द्या. पाच-सहा मुली मागं राहिल्या तर काही बिघडत नाही, आज पंधरा पूर्ण झाली म्हणून उद्या कॅन्सर होत नाही. पण न विचारता टोचलेल्या एखाद्या मुलीला दुसऱ्या दिवशी साधा ताप आला, तर पुढची दहा वर्षं त्या गावात कुठलीच लस नीट जाणार नाही. एखाद्या वाडीवर असं झालेलं निस्तरायला मी स्वतः गेलेय.

आता बाकीचं. मूल न होण्याची भीती. लशीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात, तेवढंच. आत काही नाही, नुसतं टरफल. त्यानं विषाणूची लागण होत नाही. २००६ पासून ही लस वापरात आहे, शंभराहून जास्त देशांत देतात. पहिल्या वर्षांत लस घेतलेल्या मुली आता तिशीत आहेत, त्यांना मुलं झाली आहेत. वंध्यत्वाचा संबंध कुठं सापडलेला नाही. उलट गर्भाशयमुखात कॅन्सरपूर्व बदल सापडले की तिथला तुकडा काढावा लागतो, आणि मग पुढच्या गरोदरपणात दिवस पुरे भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. आजींना हे सांगा. त्यांची काळजी नातवंडाचीच आहे, तर उत्तरही तिथलंच द्यावं.

'प्रयोग' म्हणणाऱ्यांना सांगा की लस लागण व्हायच्या आधी दिली तरच तिचा पुरा फायदा, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं ९ ते १४ हेच वय मुख्य धरलंय. एका वयाचा गट घेतला की पुढच्या वर्षी पुढचा येतो.

फायदा किती? स्वीडनमध्ये १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी दिसला. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींच्या गटात एकही केस सापडली नाही. आपल्याकडं २०२२ सालचा अंदाज आहे सव्वा लाखाहून जास्त नव्या रुग्णांचा आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यूंचा. माझ्याकडं येणाऱ्या बायका बहुतेक उशिराच येतात. अंगावरून लाल-पांढरं जातंय हे घरात सांगायलाच त्यांना वर्ष लागतं.

आणि 'आमची पोरगी तसली नाही'. या वाक्यानं आमच्या धंद्यात जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या व्हिडिओनं केलेलं नाही. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, खरं आहे. पण इतका सर्रास की लग्न करून एका नवऱ्याबरोबर आयुष्य काढणाऱ्या बाईलाही होतो, नवऱ्याकडून. बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो, थोड्या जणींत ठाण मांडतो आणि १५-२० वर्षांनी त्रास देतो. मुलगी कशी आहे हा प्रश्नच नाही. सभेत हे बोलताना पुरुषांना बाहेर काढू नका, त्यांनीही ऐकावं.

बार्शीकर

डॉक्टरांच्या माहितीत थोडी भर. 'एकाच डोसनं काय होतंय' असंही विचारतील. त्याचा पुरावा आपल्याच मातीतला आहे. २००९ मध्ये भारतात दोन विरुद्ध तीन डोस असा वेगळा मोठा अभ्यास सुरू झाला होता. त्यात आमच्या बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल होतं, पुणं-मुंबईची केंद्रंही होती. एप्रिल २०१० च्या त्या गोंधळात तोही थांबवला आणि जवळपास पाच हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. तज्ज्ञांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. दहा वर्षांनी पाहिलं, तर हा कॅन्सर मुख्यतः ज्यांच्यामुळं होतो त्या १६ आणि १८ नंबरच्या एचपीव्ही विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसनंही सुमारे ९५ टक्के संरक्षण दिलेलं. २०२१ मध्ये ते छापून आलं. ज्या गोंधळाचा व्हिडिओ फिरतोय त्यातूनच एका डोसचा पुरावा निघाला. त्या अभ्यासातली लस बाहेरच्या कंपनीची गार्डासिल होती, मोहिमेतही तीच आहे. सिरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे. ती वाईट म्हणून मागं ठेवली असं काही नाही.

आशाताई_वाडीवरची

बाई, मी आशा हाय, डॉक्टर न्हाई. माझं काम दारात जायाचं. ग्रुपवर काय बी समजावू नका, तिथं जो पयला ओरडतोय त्याचंच खरं हुतंय. घरला जावा, न्हाईतर तुमच्या भागातल्या आशाला धाडा. सासू घरात असल तवाच जावा, सुनंला एकटीला गाठलं की सासू मागनं मोडती. वटीपीचं म्हणाल तर मी त्यास्नी सांगती, केंद्रात या, माझ्या म्होरं मोबाईल तुमच्याच हातात धरा, आकडा तुम्ही वाचून दावा. फोनवर कुणी इचारला तर अजिबात सांगू नका, मी इचारला तरी बी न्हाई. मग ऐकत्यात.

आनि पोरींस्नी उपाशीपोटी आणू नका. एक पोरगी चक्कर येऊन पडली की मागची लाइन पांगती.

बाईचा_दवाखाना

आशाताई, लाख बोललात. या वयात सुईच्या धास्तीनं चक्कर येणं अगदी नेहमीचं आहे, त्यात औषधाचा दोष नसतो. खाऊन यायचं, बसून टोचून घ्यायचं, नंतर अर्धा तास तिथंच थांबायचं. दंड दुखतो, थोडा ताप, डोकेदुखी एखादा दिवस. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ताप आला की कुणी धावत सुटत नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

मध्येच घुसते, माफ करा. माझी मुलगी १७ ची आहे. तिला मोहिमेत घेणार नाहीत ना? मग वेळ गेली का?

बाईचा_दवाखाना

वेळ गेलेली नाही. मोहिमेत बसणार नाही, खासगीत घ्यावी लागेल. पंधराच्या पुढं आपल्याकडं साधारण तीन डोस देतो, सहा महिन्यांत पुरे होतात. खर्च ब्रँडनुसार बराच वेगळा पडतो, दोन ठिकाणी विचारा. आणि तुमचं वय तिशीच्या पुढं असेल तर स्वतःची गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. आया मुलींना घेऊन येतात आणि स्वतः बाकावर बसून राहतात.

गणिताच्या_बाई

सगळ्यांचे खूप आभार. पालकसभा झाली. आंध्राचं प्रकरण मीच पहिल्यांदा काढलं, वॉर्डनच्या सह्यांसकट. व्हिडिओ टाकणारे वडील पुढच्या बाकावर होते, त्यांना बहुतेक वाटलं होतं मी ते टाळणार. त्यांनी संमती दिली नाही, पण शेवटपर्यंत बसले. फाटकातल्या आजींच्या घरी आमच्या भागातल्या आशाताई जाऊन आल्या. आजी नातीला स्वतः घेऊन येणार आहेत, वर मलाच विचारतात, "तू येणार हाईस न्हवं?"

'तसली नाही' म्हणणाऱ्या आईचं अजून काही कळलं नाही. सभेला आली नव्हती. तिला परत विचारू की तिचं तिला ठरवू द्यावं, कळत नाही.

हेडसरांना मी लेखी दिलं की पालकांच्या संमतीशिवाय एकाही मुलीला नेणार नाही. चहा येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बरं, बाहेरगावच्या पालकांचे नंबर द्या, मी फोन करतो.

आणखी एक शंका. एका मुलीला थायरॉईडची गोळी चालू आहे, एकीची पाळी त्याच आठवड्यात येईल. चालेल का?

बाईचा_दवाखाना

दोन्ही चालतं. थायरॉईडची गोळी सकाळी नेहमीसारखी घेऊ द्या. नको कुणाला, तर त्या दिवशी बऱ्यापैकी ताप असेल तिला, तिनं बरं झाल्यावर यावं. पूर्वी एखाद्या लशीनं जोरात ॲलर्जी झाली असेल, किंवा यीस्टची तीव्र ॲलर्जी असेल, तर केंद्रातल्या डॉक्टरांना आधी सांगायचं. प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल किंवा तशी औषधं चालू असतील तिच्याबद्दलही विचारा, तिला एक डोस पुरत नाही.

त्या आईला एकदाच विचारा, एकटीला. पुन्हा नको.

शंकासुर_कोल्हापूरकर

डॉक्टर, माझी पोरगी पुढच्या वर्षी १४ ची होईल. लस दिल्यावर कार्डावर बॅच नंबर लिहून मिळतो का? आणि काही झालं तर तक्रार नेमकी कुणाकडं?

बाईचा_दवाखाना

नोंद होते. कार्डावर बॅच दिसला नाही तर तिथंच मागून लिहून घ्या, तुमचा हक्क आहे. काही त्रास झाला तर जिथं लस घेतली त्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवा, लशीनंतरच्या त्रासाची नोंद करून ती जिल्ह्याला पाठवणं त्यांचं काम आहे. रात्री-अपरात्री गरज पडली तर थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

बिनकटाची_मिसळ

बाई, हेडसरांनी फोन केले का खरंच?

गणिताच्या_बाई

केले. एका वडिलांनी त्यांना पाऊण तास धरून ठेवलं.