हॉफस्टेडचे ७७ आणि आपला गप्प ऑपरेटर

कृष्णाकाठ: काल ग्रुपवर एकानं लिहिलं, 'पॉवर डिस्टन्समध्ये भारत ७७, जर्मनी ३५. म्हणून आपला ऑपरेटर जर्मन ऑडिटरपुढं तोंड उघडत नाही. रक्तातच आहे.' डोकं फिरलं वाचून. पॉवर डिस्टन्स म्हणजे वरच्याचा अधिकार खालचा किती मुकाट मान्य करतो त्याचं माप, डच अभ्यासक हॉफस्टेड यांचं. हे आकडे मुळात १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून आलेत. देशाची सरासरी आहे ती. त्यावरून एकट्या माणसाचा स्वभाव काढू नका, हे खुद्द हॉफस्टेडच सांगायचे.
कुपवाड एमआयडीसीतला ऑपरेटर गप्प का, हे ८डी फॉर्ममध्ये बघा, म्हणजे माल खराब निघाला की 'का, का' विचारत मूळ कारण शोधायचा कागद. बोअर, म्हणजे पार्टातलं भोक, मापापेक्षा मोठं गेलं. का? इन्सर्ट, म्हणजे मशीनचं कापायचं पातं, झिजला. का? वेळेत बदलला नाही. तिसऱ्या 'का'ला 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' लिहून सही. अजून एक 'का' विचारला तर स्टोअरमध्ये इन्सर्टच नव्हते, हे निघेल आणि खापर पर्चेसवर फुटेल. कोण विचारणार?

मिरज_जंक्शन: अहो, 'का' साहेबाच्या केबिनच्या दारात थांबतो, ह्यालाच तर पॉवर डिस्टन्स म्हणतात! आकड्याला शिव्या घालत तुम्ही तोच सिद्ध केला. हॉफस्टेडचंच दुसरं माप बघा, अनिश्चितता टाळण्यात जर्मनी ६५, आपण ४०. ते तारीख लेखी मागतात, आपण 'होतंय की' म्हणतो. म्हणून 'होईल का?' असं विचारायचंच नाही. कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत, फिक्स्चर (पार्ट धरून ठेवायचा साचा) तयार आहे का, एवढं विचारा. 'हो'मागं काय आहे ते लगेच कळतं.

तासगाव_बेदाणा: एमआयडीसीवाल्यांनो, द्राक्षबागेत या. फळछाटणीनंतर दोन दिवसांत डोळे एकसाथ फुटायला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट वेलीच्या डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटतात तिथं, लागली पाहिजे. टोळीला काम उक्तं दिलं की हात पळतो, डोळे सुटतात, फूट मागंपुढं होते, आणि मग डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवताना, घड एका मापाचे सापडत नाहीत. तीच टोळी रोजावर घ्या, काम सावकाश पण चोख. माणसं तीच, गाव तेच. संस्कृती रात्रीत बदलली होय? पैसे द्यायची रीत बदलली.

वाळव्याची_लेक: टोळी म्हणजे कोण? पेस्ट लावणाऱ्या बहुतेक बायाच, रोज मात्र गड्यांपेक्षा कमी. त्या औषधावर दारू प्यायली तर जिवावर बेततं, हे लेबलवर छापलेलं असतं. तुम्ही सांगता मुकादमाला, तो कुणाला सांगतो? सगळं मुकादमाच्या तोंडून. हे अंतर रोजावर घेऊन मिटतं का?

तासगाव_बेदाणा: बाया दारू पीत नाहीत ताई. उगं फाटे फोडू नका.

वाळव्याची_लेक: औषध कालवणारा गडी पितो ना? आणि फाटे कसले? हातमोजे फाटले तर बाई मालकाला सांगेल का मुकादमाला? मुकादमाला सांगितलं तर उद्या टोळीत नाव नाही. तुमचा ऑपरेटर आणि ही बाई एकाच कारणानं गप्प आहेत.

कृष्णाकाठ: बघा, म्हणजे भीती रोजगार जाण्याची. रक्ताचा काय संबंध? मी तेच म्हणतोय.

मिरज_जंक्शन: तुम्ही 'पर्चेस' म्हणत होता, आता 'भीती' म्हणताय. प्रगती आहे.

तासगाव_बेदाणा: बरं बुवा, जिंकलात सगळे. कॅन उघडायच्या आधी सगळ्यांना बांधावर गोळा करतो, लेबल मोठ्यानं वाचतो, आणि मुकादमाला सोडून दुसऱ्याच कुणाला तरी परत सांगायला लावतो. हातमोजे मोजून माझ्याच हातानं देतो. पण उक्त्याचं आणि रोजाचं जे बोललो त्याला अजून कुणी हात घातलेला नाही.

वाळव्याची_लेक: बायांचा रोज गड्याएवढा करा, मग घालते.