चौकट फोडणारं पात्र: गोष्टीत जीव येतो की गोष्ट मोडते?

टिळकवाडीकर: अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांची १९०५ची एक चित्रपट्टी, म्हणजे कॉमिक स्ट्रिप, परवा पुन्हा बघितली. सॅमी नावाचं पोर. एरवी त्याला शिंक आली की आसपासच्या सगळ्याची वाताहत होते. ह्या भागात आसपास काहीच नाही, एकटा सॅमी. शिंक येते आणि चित्राची चौकटच फुटते! शेवटी चौकटीचे तुकडे अंगावर घेऊन पोर बसलंय. मला वाटतं, चौकटीची रेघसुद्धा गोष्टीतलं पात्र आहे, तिला कामाला लावलंच पाहिजे. रेघ कुणी आणि कुठून ओढली, हा विचार आपण बेळगावात जन्मभर करतो. म्हणून असेल, माझी नजर चित्राआधी रेघेवर जाते.

निपाणीकर: नाही पटत. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचताना मी कवटीच्या गुहेतच असायचो, आईची हाकसुद्धा ऐकू यायची नाही. वेताळानं वळून "काय वाचकहो" म्हटलं असतं तर मी लगेच आमच्या सोप्यात परत! जॉन बर्न यांच्या १९८९च्या शी-हल्क या अमेरिकन कॉमिक्समध्ये हेच चालतं. नायिका शी-हल्क वाचकांशी बोलते, लेखकाशी भांडते. दोन अंक मजा येते. नंतर तिच्या जिवाला धोका आहे असं वाटतच नाही, मग पान कशाला उलटायचं?

शहापूरची: अहो, तमाशातला सोंगाड्या गोष्ट थांबवून समोरच्यांशी बोलतोच की! म्हणून वग मोडतोय काय?

निपाणीकर: सोंगाड्याला आमचं हसू ऐकू येतं, त्यावर तो पुढचं बोलतो. कागदावरच्या पात्राला काय ऐकू येणार ताई?

खानापूरच्या बाई: मी चौथीला शिकवते. सॅमीची ती पट्टी वर्गात दाखवली. एक मुलगी मोडलेल्या रेघांवरून बोट फिरवत बसली. म्हणाली, "बाई, आता हा राहणार कुठं?" कुणी हसलं नाही. मला दोन चौकटींमधली पांढरी जागा जास्त मोलाची वाटते. एकीत हात उचललेला, दुसरीत मडकं फुटलेलं. घाव तर कुठं काढलेलाच नाही, तो मुलांनी मनात घातलेला असतो. चौकटच उधळली की ही जागा जाते. म्हणून शंभरात एखाद्या वेळी करावं.

टिळकवाडीकर: एखाद्या वेळी, हे मान्य. सॅमीची चौकट आधी अगदी सरळ होती, म्हणूनच फुटल्यावर लागली. पण ती फुटली नसती तर त्या पोरीनं रेघेला बोट लावलं असतं का?

निपाणीकर: बाई, तिला उत्तर काय दिलंत?

खानापूरच्या बाई: तूच सांग म्हटलं. तिनं वहीत फूटपट्टी लावून सॅमीला नवी चौकट काढून दिली. चारी बाजू बंद.

निपाणीकर: बघा! पोराला घर लागतंय.

टिळकवाडीकर: लागतंय की. पण ते तिनं स्वतः बांधलं, मॅके यांनी मोडलं म्हणून.