घरच्या बागेतलं सफरचंद: तुमचं काय चुकलं?

खाऊन झालेल्या सफरचंदाची बी सहज कुंडीत खोचली होती. तिचं आता आठ वर्षांचं झाड झालंय, दोन पुरुष उंच, पण फूल म्हणाल तर एक नाही. कापून नवीन लावावं का? कोणतं? यशोगाथा नकोत, आपापल्या चुका लिहा.

*

बियांच्या झाडाला फळ आलं तरी ते आईसारखं निघत नाही. सफरचंदाला पराग दुसऱ्या जातीचा लागतो, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवी सरमिसळ. म्हणून कलमच लावायचं. मी कलम लावलं, पण थंडीचा हिशेब केला नाही. बऱ्याच नावाजलेल्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालचे ८०० ते १००० तास लागतात. माझं झाड फांद्यांच्या शेंड्याला चार पानं काढायचं, मधले डोळे झोपलेलेच. आता 'ॲना' लावलंय, त्याला २००-३०० तास पुरतात. परागासाठी शेजारी 'डॉर्सेट गोल्डन'. दोन्ही एकाच सुमारास फुलतात.

*

मी कलमाचा जोड मातीत गाडला. एम-९ खुंटावरचं (खुंट म्हणजे जोडाखालचा मुळांचा भाग, एम-९ झाड बुटकं ठेवतो) झाड, तीन मीटरच्या आतबाहेर राहायला हवं होतं. पाचव्या वर्षी छपराला टेकलं. उकरून पाहिलं तर जोडाच्या वरच्या भागालाच मनगटाएवढ्या मुळ्या! खुंट बिचारा नावाला उरला होता. जोड मातीच्या वर वीतभर तरी दिसला पाहिजे. दुसऱ्या एम-९ ची चूक वेगळी. झाड मोठं झालं म्हणून आधाराची काठी काढली, आणि फळांनी लगडलेलं झाड एका वाऱ्यात आडवं. या खुंटाची मुळं कायमच कमजोर असतात.

*

छाटणी करताना आखूड, गाठाळ काटक्या मी तीन वर्षं इमानेइतबारे साफ केल्या. फळं त्यांच्यावरच धरतात. जाडसर, लवदार डोळा फुलाचा. बारीक, काडीला चिकटलेला पानाचा.

*

माझा हावरटपणा. गुच्छात पाच-पाच फळं, एकही काढवेना. सगळी लिंबाएवढीच राहिली, एक फांदी मोडली आणि पुढच्या वर्षी झाडानं चक्क सुट्टी घेतली. फळातल्या बिया वाढत असतात तेव्हाच पुढच्या वर्षीचे फुलांचे डोळे धरायचे असतात, आणि बिया ते धरू देत नाहीत. आता फळं गोटीएवढी झाली की गुच्छात एकच ठेवते, दोन फळांत १०-१५ सेंटीमीटर अंतर. जिवावर येतं, पण करते.

*

फांदीला कापूस चिकटलाय वाटलं, चिरडला तर बोट लाल. लोकरी मावा ही कीड! जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी.

*

धागाकर्ते, झाड कापू नका हो. आठ वर्षांची मुळं आयती आहेत, त्याच्यावरच पाचर कलम करा (फांदी चिरून त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची), वेगळ्या फांद्यांवर दोन जाती. त्या जातींच्या काड्या त्यांची झाडं हिवाळी झोपेत असताना घ्या, ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, तुमचं झाड फुटायला लागलं की बांधा. एकदोन फांद्या तशाच राहू द्या, झाडाला पोसायला पानं हवीत. आणि त्या फ्रीजमध्ये सफरचंदं ठेवू नका, पिकत्या फळांच्या वायूनं डोळे मरतात.

*

मिळाल्या काड्या! भाजीच्या कप्प्यात निजल्यात. सफरचंदं बाहेर टेबलावर. घरातून दोनदा विचारून झालंय, की फळं बाहेर आणि काटक्या फ्रीजमध्ये, हे काय चाललंय.