एलपीएल जनुकातील दोष आणि बाळाचे दुधाळ रक्त

प्रश्न (कोथरूड, पुणे):
माझ्या दोन महिन्यांच्या भाच्याचे रक्त तपासणीसाठी काढले, तेव्हा ते गुलाबीसर दुधासारखे दिसले आणि ट्रायग्लिसराइडचे (रक्तातील स्निग्धांशाचे) प्रमाण हजारांच्या घरात निघाले. जनुकीय तपासणीत एलपीएल जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये एकच दोष आढळला आहे. आई-वडील मामे-आतेभावंडे असून दोघांचीही प्रकृती ठणठणीत आहे. हे जनुक नेमके काय करते आणि डॉक्टर औषधापेक्षा आहारावरच एवढा भर का देत आहेत, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर १:
आठव्या गुणसूत्रावरील या जनुकापासून लायपोप्रोटीन लायपेज (एलपीएल) हे विकर, म्हणजे एन्झाइम, बनते. ते तयार होते मुख्यतः स्नायूंत आणि मेदपेशींत, पण त्याचे काम चालते केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर. तेथून आहारातील स्निग्धांश वाहून नेणारे कायलोमायक्रॉन नावाचे कण जाऊ लागले की हे विकर त्यांतील ट्रायग्लिसराइडचे विघटन करते आणि सुटलेली मेदाम्ले पेशींना मिळतात. विकर निकामी असले की हे कण रक्तातच साचत राहतात. नमुना रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यास वर सायीसारखा थर धरतो, तो त्यांचाच. आई-वडिलांकडे प्रत्येकी एक प्रत चांगली असल्याने त्यांना त्रास जाणवत नाही. मात्र पुढील प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के राहते, म्हणून जनुकीय समुपदेशन अवश्य घ्यावे.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. घरातील वडीलधारी माणसे खोबरेल तेल सुचवत आहेत. ते चालेल का?

उत्तर २:
कृपया देऊ नका. डॉक्टर जे एमसीटी (मध्यम लांबीच्या मेदाम्लांचे) तेल सांगतात, त्यातील आठ व दहा कार्बनची मेदाम्ले कायलोमायक्रॉनच्या वाटेला न जाता थेट यकृताकडे जातात. खोबरेल तेलात मात्र बारा कार्बनचे लॉरिक आम्ल सर्वाधिक असते आणि त्याचा बराचसा भाग कायलोमायक्रॉनमधूनच जातो. ट्रायग्लिसराइड कमी करणाऱ्या फायब्रेटसारख्या नेहमीच्या औषधांना पुष्कळसा आधार याच विकराचा असल्याने येथे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. आईच्या दुधातीलही जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते, त्यामुळे दूध किती व कोणते द्यायचे हे चयापचय विकारांच्या तज्ज्ञांनीच ठरवावे. या विकारासाठीच्या ग्लायबेरा या जनुकोपचाराला २०१२ मध्ये युरोपात मान्यता मिळाली होती, पण २०१७ मध्ये तो बंद झाला.

उत्तर ३:
ट्रायग्लिसराइड इतके वाढले की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून बाळ अचानक कळवळून रडू लागले किंवा वारंवार उलट्या करू लागले, तर स्वादुपिंडाचा दाह गृहीत धरून तातडीने रुग्णालय गाठावे आणि हा अहवाल सोबत न्यावा. रक्त दुधाळ असताना अमायलेजचा (हा दाह ओळखण्यासाठी रक्तात मोजल्या जाणाऱ्या विकराचा) आकडा फसवा, म्हणजे सामान्य, येऊ शकतो, हे तेथील डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावे.